जागेश्वरचं धुराडं

छपराचे मातीचे कवेलू काढून जागेश्वरनं बाजूला रचले, खालच्या बांबूच्या कामट्या कापल्या, ताडपत्रीला चीर दिली, आणि मग करवत मांडीवर ठेवून तो छपरावर तसाच उकिडवा बसून राहिला. भोकातून खालची स्वयंपाकखोली दिसत होती. चुलीजवळ त्याची बायको पंचफुला बसली होती आणि तिच्या पाठीवर भाकरीएवढं ऊन पडलं होतं. घर बांधल्यापासून त्या जागी ऊन असं पहिल्यांदाच पोचत होतं.

तिनं मान वर केली. "काय जी, बसले काहून?"

"भोक लगित मोठं झालं वाटते."

"मंग लहान करा."

"लहान केलं तं पाइप बांबूले टेकते. टेकला तं तापून बांबू पेटन."

"मंग मोठंच राहू द्या."

"मोठं ठेवलं तं पाणी येते ना."

पंचफुला हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. खोकला वरपर्यंत ऐकू आला. जागेश्वर तो संपेपर्यंत थांबला. आताशा तो संपायला वेळ लागत असे.

अंगणात शेजारचा डोमा कपाळावर हात धरून वर पाहत होता. डोमाच्या घराला स्लॅब होता आणि त्यामुळे दुसऱ्यांच्या छपराबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला आपोआप मिळाला आहे, असं त्याचं मत होतं.

"अगा जागेश्वर, धानाची तणीस अन् माती कालव अन् बुजून टाक ते मोकळं! साऱ्या जिनगानीत लोकाईच्या घरचे भोकं बुजवले, अन् घरच्या भोकाले भेला का?"

"तणीस कशी घालू गा? तणीस तं बांबूच्या आधी पेटते."

"मंग सिमेंट घाल."

"इश्वरनं चारी बाजूनं वीतभर मोकळं ठेवाले सांगतलं हाय."

"इश्वर फाटकं बनवते. त्याले घरातलं का समजते?"

त्यात डोमाचं फारसं चुकत नव्हतं. इश्वर लाखांदूरला वेल्डिंग करायचा. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीचे फाळके हे त्याचं काम. जागेश्वरनं सांगितलं म्हणून त्यानं जाड पत्र्याची चूल बनवून दिली, तिच्या मागच्या अंगाला गोल तोंड काढलं आणि त्यावर बसवायला पाइपाचे तुकडे दिले. देताना तीन-चार गोष्टी बजावल्या होत्या. त्यातली बांबूला टेकू देऊ नको, वीतभर मोकळं ठेव, ही एक जागेश्वरच्या ध्यानात राहिली. बाकीच्या घरी येईपर्यंत विरून गेल्या. परत जाऊन विचारावं तर इश्वर म्हणेल, जन्मभर छपरं केली आणि एक नळकांडं बसवता येत नाही? जागेश्वरला कुणाला दोनदा विचारणं कधी जमलं नव्हतं.

जन्मभर छपरं केली, हे मात्र खरं होतं. होळी झाली की लाखांदूरच्या अलीकडच्या गावांमधून त्याला बोलावणी यायची. माकडांनी नाचून फोडलेले, वाऱ्यानं सरकलेले कवेलू काढायचे, झाडायचे आणि परत बसवायचे. त्या कामाचा नियम एकच, वरचा कवेलू खालच्यावर चढला पाहिजे. पाणी वरून खाली येतं, त्याला आत शिरायला फट मिळता कामा नये. हा नियम जागेश्वरच्या डोक्यात नव्हता, हातांत होता. त्यानं असे कवेलू फेरलेल्या घरात पावसाळाभर टोपलं मांडावं लागत नसे. स्वतःच्या घरावर तर त्यानं जीव लावला होता. कवेलूंखाली ताडपत्री घातली होती, आणि भिंत आणि छप्पर यांच्यामधली फट मांजरं-माकडं येतात म्हणून चिखलानं लिंपून घेतली होती. गावात म्हण पडली होती, पाणी घराबाहेर ठेवावं तर जागेश्वरनं. आता बहुतेकांकडे टिना आल्या, स्लॅब आले. बोलावणी आलीच तर कुणाच्या गोठ्यासाठी यायची.

पंचफुला पूर्वीपासून एक गोष्ट म्हणायची. थट्टेनंच म्हणायची. "यांच्या घरात पाण्याचा थेंब येत नाही, अन् धुराचा कण जात नाही."

दिवाळीनंतर भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तिच्या छातीला नळी लावली आणि विचारलं, घरात चूल आहे का? आहे. धुराडं आहे का? नाही. तेव्हा जागेश्वरला ती थट्टा आठवली. डॉक्टर म्हणाले, हिवाळाभर आणखी धूर खाल्ला तर यांना श्वासासाठी नळकांडं लावून बसावं लागेल. घरी गॅस होता, त्यावर चहा व्हायचा, भात व्हायचा. पण आंघोळीचं पाणी, म्हशीचं आंबोण, लाखोळीची डाळ शिजवणं, हे सगळं गॅसवर करायचं म्हटलं तर सिलिंडर दर पंधरवड्याला संपायचा. चूल पेटत राहिलीच.

मग वरठीहून डिंपलचा फोन आला. ती त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा स्टीलच्या कारखान्यात, स्टेशनजवळ दोन खोल्यांचं घर, धुराचं नाव नाही.

"बाबा, संक्रांत झाली का मी येते. घरात धूर दिसला तं आईले घेऊन जाईन. पाहुनी म्हून नाही, राहाले."

जागेश्वरनं फोन ठेवला आणि पंचफुलाला विचारलं, "तुले जायचं हाय का?"

ती तांदूळ पाखडत होती. सुपातून डोळे न काढता म्हणाली, "धूर गेला तं राहीन. नाही गेला तं जाईन. मले काय विचारता, धुराले विचारा."

तिला जावंसं वाटतं की राहावंसं, हे त्याला त्या उत्तरातून कळलं नाही. एवढं कळलं की धूर घराबाहेर काढला तर ती घरात राहील. म्हणून तो आज छपरावर बसला होता.

"अवो, ते फुटकं घमेलं हाय ना गोठ्यात," खालून पंचफुलाचा आवाज आला. "त्याचं बूड कापा, अन् उलटं घाला पाइपावर. छत्रीवानी."

जागेश्वर शिडी उतरून गोठ्यात गेला. घमेल्याचं बूड छिन्नीनं कापून त्यानं ते पाइपावर उलटं चढवलं, त्याची वरची कड वरच्या कवेलूंखाली सरकवली आणि खालची कड खालच्या कवेलूंवर आणली. हे त्याच्या हातांना समजत होतं. पाइपाभोवती वीतभर मोकळं राहिलं, आणि वर घमेल्याची छत्री झाली. पाइप आड्याच्याही वर हातभर गेला. खाली चुलीला पंचफुलानं आतून मातीचा थर दिला, भिंतीपासून ती दूर ओढून घेतली आणि तिच्याभोवतीची जमीन सारवली.

दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. धूर चुलीच्या तोंडाशी जरा घुटमळला, मग मागे वळला आणि पाइपात शिरला. जागेश्वर धावत अंगणात गेला. छपराच्या वर धूर निघत होता. तो परत आत आला, परत बाहेर गेला. आतला धूर आणि बाहेरचा धूर एकच आहे, याची खात्री त्याला पटत नव्हती.

"आता बसा ना एका जागी," पंचफुला म्हणाली. "मले चुलीपासून तुमचं तोंड दिसून राहिलं आज. पाहू तं द्या."

"कसं हाय?"

"म्हातारं झालं बाप्पा."

पण दोन दिवसांनी पाइपाच्या सांध्यांमधून काळे ओघळ उतरू लागले. डांबरासारखे चिकट, उग्र वासाचे. थेंब तापल्या चुलीवर पडून चरचरत होते, आणि त्या वासानं पंचफुलाचा खोकला परत सुरू झाला. पाऊस नव्हता, दव फारसं नव्हतं. हे पाणी आलं कुठून? जागेश्वरनं छपरावर जाऊन पाहिलं, घमेलं कोरडं होतं. डोमा म्हणाला, पत्रा खराब आहे, पैसे परत माग. दुसरा एक म्हणाला, चुलीची पूजा केली नसेल. शेवटी जागेश्वरनं इश्वरला फोन लावला, आणि एक फाटक पोचवायला निघालेला इश्वर वाटेत थांबला.

पाइपाकडे पाहून तो म्हणाला, "भाऊ, तुमी वरचा पाइप खालच्यावर चढवला."

"मंग? कवेलूवानी."

"पण हे पाणी बाहेरून नाही येऊन राहिलं. धुराचंच पाणी होते, आतून उतरते. वरच्याचं तोंड खालच्याच्या पोटात पायजे. म्हंजे आतल्या आत चुलीत जाते अन् जळते. सांगतलं होतं ना मी."

"अन् वरून पाऊस आला तं? सांध्यात घुसन ना मंग."

इश्वरनं सांध्यावरून बोट फिरवलं. "हां. तेबी हाय." दोघंही पाइपाकडे बघत उभे राहिले. "मी ज्याच्यापाशी शिकलो त्यानं असंच सांगतलं होतं. काहून, ते मी नाही विचारलं. सध्या तं उलटं करून पाहा."

"अन् वरचं तोंड? त्याले झाकण?"

"टोपी करून देतो, उंच पायाची, म्हंजे खालून धूर निघते अन् वरून पाणी नाही जात. पुढच्या आठवड्यात आणतो. तोवर उघडंच राहू द्या."

"उघडं?"

"उघडंच."

इश्वर गेल्यावर जागेश्वरनं पाइप उतरवले आणि उलटे जोडायला घेतले. काम सोपं होतं, पण हात ऐकेनात. तो वरचा पाइप उचलायचा, आणि हात आपोआप तो खालच्याच्या बाहेरून घालू पाहायचे. दोनदा बसवून त्यानं परत काढला. पंचफुला दारातून बघत होती. तिनं शेवटी पाइपाचं खालचं तोंड स्वतःच्या हातांनी धरून ठेवलं आणि म्हणाली, "डोळे मिटून घाला."

ओघळ थांबले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. धूर वर जात होता. जागेश्वर चुलीपुढे बसून पंचफुलाचा श्वास ऐकायचा. श्वास मोकळा झालाय की आपल्याला तसं वाटतंय, हे ठरवणं कठीण होतं.

डिंपल यायच्या आदल्या संध्याकाळी तलावाच्या बाजूनं ढग आले. जानेवारीत येऊ नयेत असे. जागेश्वर म्हशीला पाणी दाखवून येत होता, तेवढ्यात दोन-चार थेंब त्याच्या हातावर पडले. चूल विझलेली होती, जेवण व्हायचं होतं. त्यानं भिंतीला टेकून ठेवलेली शिडी लावली, उरलेल्या कवेलूंमधला एक उचलला, वर जाऊन पाइपाच्या उघड्या तोंडावर पालथा घातला आणि वाऱ्यानं सरकू नये म्हणून दाबून बसवला. खाली उतरला, हात धुतले आणि जेवायला बसला. पंचफुलाला त्यानं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलं आहे असं त्याला वाटलंही नाही. संध्याकाळी दार लावलं, हे कुणी कुणाला सांगतं का?

थेंब तेवढेच पडले. सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं.

डिंपल लाखांदूरपर्यंत एसटीनं आणि पुढे ऑटोनं आली. तिच्या हातात एक रिकामी पिशवी होती. जागेश्वरनं ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

"पाहू बाबा तुमचं धुराडं," ती म्हणाली. चूल पाहिली, पाइपाला हात लावला, मान वर करून घमेल्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. "हे आपलं आंबोणाचं घमेलं!"

"तुया मायचं डोकं हाय ते," जागेश्वर म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोकळा निघाला.

पंचफुला म्हणाली, "गॅस नको लावू आज. मी भाकरी टाकते चुलीवर. बस अन् पाह्य."

जागेश्वरनं स्वतः लाकडं रचली. तुराट्यांना काडी लावली. जाळ धरला. धूर चुलीच्या तोंडाशी आला, घुटमळला, मागे वळला, आणि परत पुढे आला. जागेश्वरनं फुंकर घातली. धूर आणखी आला. त्यानं लाकूड पुढे-मागे केलं, सूप घेऊन वारा घातला, तसा धूर जाड होऊन चुलीच्या तोंडातून, पाइपाच्या सांध्यांतून, सगळीकडून खोलीत भरू लागला.

"थांबते आता," तो म्हणाला. "सुरुवातीले असंच होते."

"जाईल, जाईल," पंचफुलाही म्हणाली. ती हातातला पिठाचा गोळा थापत राहिली. ती उठली नाही. उठली असती तर धूर आहे असं तिनंच कबूल केल्यासारखं झालं असतं. मग तिला खोकला लागला. गोळा परातीत पडला, तिनं भिंतीला हात लावला आणि श्वास घ्यायला तोंड उघडलं, तर आत धूरच गेला. डिंपलनं तिला दोन्ही काखांत धरून उचललं आणि अंगणात नेलं. डॉक्टरनं दिलेला फवारा शोधायची धावपळ झाली. डोमाची बायको पाण्याचा लोटा घेऊन आली.

जागेश्वर आतच होता. धुरात त्याला पाइप धड दिसत नव्हता. तो चाचपत गेला आणि पाइपाला हातात फडकं धरून थापट्या मारत राहिला, अडलेल्या म्हशीच्या पाठीवर मारतो तशा. काल तर गेला होता. परवाही गेला होता. काय बदललं? सांधे तेच, लाकूड तेच. आत माती ढासळली का? पाखरानं घरटं केलं का, एका रात्रीत? की धुराचाच काही नियम आहे, जो आपल्याला अजून कळलेला नाही?

डोळे पुसत तो अंगणात आला आणि त्यानं वर पाहिलं.

पाइपाच्या तोंडावर कवेलू होता. नीट, पालथा, एका बाजूला जराही न कलंडलेला. असा कवेलू बसवणारा त्या गावात एकच माणूस होता.

"कवेलू," तो म्हणाला.

डिंपल आईची पाठ चोळत होती. "काय झालं?"

"मीच ठेवला. काल."

"काहून, बाबा?"

"पाणी येऊन राहिलं होतं," तो म्हणाला.

जागेश्वर शिडी लावून वर चढला आणि कवेलू उचलला. कोंडलेला धूर भसकन त्याच्या तोंडावर आला. मग वर गेला, आणि जात राहिला. तो घाईनं खाली उतरला. "आता पाह्य. ये इकडे. आता जाते पाह्य."

डिंपल आत गेली. थोड्या वेळानं खोली निवळली, चुलीतला जाळ मागे ओढला जाऊ लागला. ती कमरेवर हात ठेवून पाहत उभी राहिली.

"जाऊन राहिला बाबा. दिसते मले." तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यामुळे जागेश्वर जास्तच गोंधळला. "पण काल ढग आले तं तुमी झाकलं. पुढं पावसाळा हाय. चार महिने ढगच राहतीन."

"टोपी येणार हाय. इश्वर आणून राहिला. उंच पायाची."

"टोपी आल्यावर पाहू."

तो पंचफुलाकडे वळला. ती खाटेवर बसली होती, श्वास आता जागेवर येत होता. तिनं काही बोलावं म्हणून तो उभा राहिला. धुराला विचारा, असं तीच म्हणाली होती. पण धुरानं आधी एक सांगितलं होतं आणि आता दुसरं.

"थोडे दिवस जाते जी," ती म्हणाली. "दम खाऊन येते."

"किती दिवस?"

"तुमची टोपी येऊ द्या." मग म्हणाली, "आतली माती ओली हाय अजून. चूल थंडी नका पडू देऊ, भेगा जातीन. रोज पेटवा. अन् कोरडं लाकूड घालत जा. ओलं घालाल तं निस्ता धूर होते."

"हो."

"अन् लाखोळी भिजवलेली हाय. शिजवून घ्या."

"हो."

रिकामी पिशवी भरायला वेळ लागला नाही. ऑटो दाराशी आला. जागेश्वरनं पिशवी आत ठेवली, पंचफुलाला हात दिला. डोमानं ऑटोवाल्याला सावकाश चालव म्हणून दम दिला. ऑटो गल्लीतून निघाला. पुढे रस्ता तलावाच्या उंच पाळीवरून, बांधावरून जात होता, आणि पाळीवरून त्यांचं घर वळणापर्यंत दिसायचं. हे जागेश्वरला माहीत होतं. पाळीवरून येताना पंचफुला नेहमी आधी आपलं छप्पर शोधायची.

तो लगबगीनं आत गेला. चुलीत ऐनाचं कोरडं लाकूड होतं, स्वच्छ लाल जळत होतं. तो अंगणात येऊन वर पाहू लागला. धुराड्याच्या तोंडावर नुसती हवा थरथरत होती. धूर दिसत नव्हता. चूल इतकी नीट जळत होती की बाहेरून कुणाला कळलंही नसतं, या घरात चूल पेटली आहे.

जागेश्वर गोठ्यामागे गेला. तिथं बाभळीच्या फांद्या तोडून ठेवलेल्या होत्या, अजून हिरव्या. त्यातली एक त्यानं गुडघ्यावर मोडली आणि आणून चुलीत सारली. लाकूड फसफसलं, त्याच्या टोकाला फेस आला. मग पांढरा, जाड धूर उठला, मागे वळला आणि पाइपात शिरला.

तो बाहेर आला. छपराच्या वर, आड्याच्याही वर, धूर सरळ उभा राहिला होता. पाळीवर ऑटो दिसत होता, हळू चालला होता. वळण अजून पुढे होतं.

ऑटोत पंचफुला घराच्या बाजूला बसली की तलावाच्या बाजूला, हे बघायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. त्यानं आठवून पाहिलं. पिशवी आठवली, तिचा हात आठवला, बाजू आठवेना.

जागेश्वर आत गेला आणि आणखी एक ओलं लाकूड त्यानं चुलीत सारलं.